सोर्स चार दिवसांनी उठला तेव्हा

डेटाबेसच्या कामात नव्याने आलेल्यांना रेप्लिकेशन (एका सर्व्हरवरच्या डेटाची दुसऱ्यावर सतत प्रत ठेवणं) शिकवतात ते सगळं सुरळीत चालू असतानाचं. सोर्सवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, ट्रान्झॅक्शन (डेटातला बदल) झालं की ते बिनलॉग या बदलांच्या नोंदवहीत लिहिलं जातं, रेप्लिका, म्हणजे प्रत ठेवणारा सर्व्हर, ते ओढून घेते आणि आपल्याकडे चालवते. सोर्स दोन मिनिटं पडला तर कुणाला काही करावं लागत नाही. तो चार दिवस पडून राहिला तर काय करायचं, हे मला नोकरीच्या सातव्या महिन्यात शिकायला मिळालं.

चाकणच्या एका कारखान्याचा डिस्पॅचचा सगळा हिशेब मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर होता. सोर्स कारखान्यातच, आणि रिपोर्टसाठी रेप्लिका पुण्याच्या ऑफिसात. जुलैतल्या एका रात्री वीज गेली, तासाभराने यूपीएसनेही दम तोडला आणि सर्व्हर तसाच बंद पडला. वीज आली तेव्हा रेड कंट्रोलर (सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारं कार्ड) जळलेला होता. नवा यायला चार दिवस लागले. तोवर डिस्पॅचवाले हाताने चलनं लिहीत होते.

पाचव्या दिवशी दुपारी सोर्स उठला. रेप्लिका आपोआप जोडली जाईल अशी माझी खात्री होती, कारण ८.० मध्ये ती दर ६० सेकंदांनी, तब्बल ८६,४०० वेळा प्रयत्न करते. म्हणजे ६० दिवस. (८.४ मध्ये हा आकडा १० वर आणलाय. दहा मिनिटांत ती थांबते, मग हाताने सुरू करावी लागते. नव्या आवृत्तीवर असाल तर हे आधी बघा.) पण स्टेटसमध्ये एरर दिसला, १२३६.

या नंबरचा मला एकच अर्थ माहीत होता: रेप्लिकाला हवे असलेले बिनलॉग सोर्सने पुसून टाकलेत. त्यावरचा उपायही पाठ होता, सोर्सवरून रेप्लिका नव्याने क्लोन करायची, म्हणजे सगळा डेटा पुन्हा कॉपी करायचा. क्लोन करताना रेप्लिकावरचा सगळा डेटा आधी उडतो. मी कमांड टाइप करून ठेवली होती. शेजारी बसलेले सर म्हणाले, "अगं, एरर पूर्ण वाचलास का?"

नव्हता वाचला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की रेप्लिकाकडे सोर्सपेक्षा जास्त जीटीआयडी (प्रत्येक ट्रान्झॅक्शनला मिळणारा नंबर) आहेत आणि सिंक_बिनलॉग १ नसताना (१ असेल तर प्रत्येक ट्रान्झॅक्शनला बिनलॉग डिस्कवर पक्का लिहिला जातो) वीज गेली किंवा डिस्क बिघडली, तर बिनलॉगचा शेवटचा भाग गेलेला असू शकतो. सरांनी दोन्हीकडचं जीटीआयडी_एक्झिक्युटेड (आजवर चाललेल्या जीटीआयडींची यादी) कागदावर लिहायला लावलं. सोर्सवर ८२११३०६ पर्यंत, रेप्लिकावर ८२११३४७ पर्यंत. एक्केचाळीस ट्रान्झॅक्शन्स रेप्लिकाकडे होती आणि सोर्सच्या बिनलॉगमध्ये नव्हती. वेग वाढावा म्हणून कुणीतरी पूर्वी सिंक_बिनलॉग ० केलं होतं. त्यामुळे ती रेप्लिकाकडे पोचली, पण सोर्सच्या डिस्कवर उतरण्याआधीच वीज गेली. मी क्लोन केलं असतं तर त्यांची एकुलती एक प्रत माझ्या हातून गेली असती.

म्हणून नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: सोर्स बराच वेळ पडून उठला असेल, तर रेप्लिकाला हात लावण्याआधी कोण पुढे आहे ते बघा. सोर्सच खरा, हे गृहीत धरू नका.

तेवढ्यात डिस्पॅचच्या साहेबांचा फोन आला, "सर्व्हर चालू झालाय ना, मग एंट्री सुरू करू का?" सर ठामपणे नाही म्हणाले. तेव्हा मला वाटलं, कशाला अडवतायत. कारण नंतर समजलं. नवी एंट्री झाली असती तर सोर्सने तिला पुढचा मोकळा नंबर दिला असता, ८२११३०७. रेप्लिकाकडे त्याच नंबरचं दुसरंच ट्रान्झॅक्शन आधीच होतं. काही वेळाने सोर्सचा आकडा रेप्लिकाच्या पुढे गेला असता, एरर नाहीसा झाला असता, रेप्लिकेशन सुरू झालं असतं आणि मधली एक्केचाळीस नवी ट्रान्झॅक्शन्स रेप्लिकाने "ही माझ्याकडे आहेत" म्हणून गुपचूप सोडून दिली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. म्हणून ॲप्लिकेशन बंद ठेवूनच तपासायचं.

रेप्लिकाच्या स्वतःच्या बिनलॉगमधून ती एक्केचाळीस आम्ही मायएसक्यूएलबिनलॉग या बिनलॉग वाचणाऱ्या टूलने उलगडली. पहिल्यात एक चलन होतं: गाडी नंबर, बारा पेट्या, रात्री ११ वाजून ४२ मिनिटं. कारखान्यातून पिवळ्या प्रतींचे फोटो मागवले आणि एकेक ताडून पाहिलं. सगळा माल खरोखरच बाहेर पडला होता. मग सोर्सची टेबलं पाहिली. पहिल्या सात नोंदी तिथे होत्या, उरलेल्या चौतीस नव्हत्या. बिनलॉगचं शेपूट गेलं म्हणून टेबलातली नोंद गेलीच असं नसतं, त्यामुळे डोळे झाकून सगळं परत चालवायला गेलात तर डुप्लिकेट कीवर (तीच नोंद दुसऱ्यांदा येतेय या एररवर) अडकाल. सात जीटीआयडींसाठी सोर्सवर रिकामी ट्रान्झॅक्शन्स कमिट केली, म्हणजे डेटा न बदलता ते नंबर झालेले धरले जातात. चौतीस त्यांच्या मूळ जीटीआयडीसह सोर्सवर चालवली. मग स्टार्ट रेप्लिका. जोडली गेली.

आमची रेप्लिका वीज गेली तेव्हा मागे नव्हती, हे आमचं नशीब. बिनलॉगची मुदत डीफॉल्टने ३० दिवस असते, पण डिस्क वाचवायला पुष्कळ जण ती दोन-तीन दिवसांवर आणतात. मुदत संपलेले बिनलॉग सोर्स सुरू होतानाच पुसले जाऊ शकतात. रेप्लिका मागे असेल तर सोर्स उठवण्याआधीच त्या फाइल्स बाजूला कॉपी करून घ्या.

लॅग (रेप्लिका किती मागे आहे तो आकडा) शून्य दिसला म्हणून आम्ही ॲप्लिकेशन उघडलं नाही. शून्याचा अर्थ एवढाच की आलेलं सगळं चालवून झालंय; दोन्हीकडचा डेटा सारखा आहे असा नाही. दोन्हीकडची टेबलं ताडून पाहणारं पर्कोनाचं पीटी-टेबल-चेकसम हे टूल चालवलं, ते संपायला दीड तास गेला. फरक एकही निघाला नाही. सिंक_बिनलॉग पुन्हा १ केलं आणि मग डिस्पॅचला फोन केला. चार दिवसांच्या चलनांचा गठ्ठा घेऊन ते बसले होते. सातच्या सुमारास पहिलं चलन चढलं, दोन्हीकडे एकाच नंबरने.