जुनं मॉडेल रेल्वे इंजिन कमी खर्चात डीसीसीवर कसं आणावं

डीसीसी म्हणजे रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देण्याची पद्धत, आणि डीकोडर म्हणजे तो आदेश वाचून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट. जुन्या इंजिनात बसवलेला डीकोडर जळतो, तो बहुतेक वेळा एकाच कारणानं. मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारा कार्बनचा तुकडा) चासीला टेकलेला असतो आणि चासी एका बाजूच्या चाकांमार्फत रुळाला जोडलेली असते. साध्या डीसीवर, म्हणजे रुळातलं व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्याच्या जुन्या पद्धतीत, यात काही बिघडत नाही. डीसीसीत मात्र रूळ आणि मोटर यांच्या मध्ये डीकोडर असतो, त्यामुळे रुळाचा करंट मागच्या दारानं डीकोडरच्या मोटर-आउटपुटमध्ये शिरला की खेळ संपला. म्हणून कामाचा निम्मा वेळ मोटर चासीपासून सुटी (इन्सुलेट) करण्यात गेला तरी जाऊ द्या.

आधी डीसीवर नीट चालवा. डीसीवर अडखळणारं इंजिन डीसीसीवर जास्तच अडखळतं. चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, गिअरमधलं वाळलेलं ग्रीस काढा, कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या भागाच्या) फटींतली कार्बनची पूड लाकडी टूथपिकनं खरवडा. तेल प्लास्टिकला चालणारं असावं आणि बेअरिंगला एकच थेंब. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर जातं. जुन्या अल्निको चुंबकाच्या मोटरमधून आर्मेचर (फिरता गाभा) बाहेर काढू नका, त्यानं चुंबक कमजोर होतो.

करंट मोजा. मल्टीमीटर १० अँपियरच्या सॉकेटवर घेऊन मोटरच्या सिरीजमध्ये जोडा, १२ व्होल्ट द्या आणि शाफ्ट जेमतेम एक सेकंद धरून ठेवा. आकडा १ अँपियरच्या आत असेल तर एचओ (१:८७ मापाच्या मॉडेलांचा) साधा डीकोडर पुरतो. जास्त असेल तर लगेच मोठा डीकोडर मागवू नका. आधी कारण शोधा: मळलेला कम्युटेटर, घट्ट बेअरिंग किंवा क्षीण झालेला चुंबक. चुंबकाच्या जागी मापाचा निओडिमियम चुंबक बसवला तर करंट चांगलाच उतरतो आणि नवीन मोटरचा खर्च वाचतो.

मोटर सुटी करा. अथर्न कंपनीच्या ब्लू बॉक्स इंजिनांत मोटरखालच्या पितळी क्लिपचे दात चासीला टेकतात. क्लिप काढून दात सपाट करा, तिला वायर सोल्डर करा, चासीच्या तळाला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी इन्सुलेटिंग टेप) लावा आणि मगच मोटर परत बसवा. ट्राय-अँग कंपनीच्या एक्स०४ मोटरमध्ये ब्रशच्या स्प्रिंगच्या एकाच टोकाला इन्सुलेशनची नळी असते. दुसऱ्या टोकालाही तशीच नळी चढवा. मोटरवर कपॅसिटर असेल तर काढून टाका, तो डीकोडरच्या वेगनियंत्रणात अडथळा आणतो.

आता मल्टीमीटरचा बझर लावून दोन्ही ब्रश चासीशी आणि दोन्ही बाजूंच्या चाकांशी तपासा. कुठेही आवाज येता कामा नये. बॉडी चढवून, चाकं फिरवून पुन्हा तपासा. वजनाचा लोखंडी ठोकळा दाबला गेला की नवीन शॉर्ट तयार होतो.

वायरी जोडा. डीकोडरची लाल वायर उजव्या रुळाच्या पिकअपला (चाकांवरून करंट घेणाऱ्या भागाला), काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटरला. निळी ही दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या. जुना बल्ब चासीतून करंट घेत असेल तर तो काढून एलईडी लावा: लांब पाय निळीला, आखूड पाय १ किलोओहमच्या रेझिस्टरमार्फत पांढरीला. हीट श्रिंक (गरम केल्यावर आकसणारी) नळी सोल्डर करण्याआधीच वायरीत ओवून ठेवा. इलेक्ट्रिकची काळी टेप वापरू नका; गरमीनं तिचा गोंद पाझरतो, टेप सरकते आणि उघडे सांधे एकमेकांना भिडतात. न वापरलेल्या वायरींची टोकंही झाका.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच, म्हणजे डीकोडरची सेटिंग वाचण्या-बदलण्याच्या वेगळ्या रुळावर. तिथे करंट मर्यादित असतो, त्यामुळे चूक असली तरी डीकोडर सहसा वाचतो. पत्ता (डीकोडरचा ओळख क्रमांक) वाचा, नवीन डीकोडरचा बहुधा ३ असतो. उत्तरच आलं नाही तर मोटरच्या वायरी पाहा, कारण डीकोडर मोटरला क्षणभर करंट देऊनच उत्तर देतो. इंजिन उलट धावत असेल तर नारिंगी-करडी अदलाबदल करा. सीव्ही २ (सीव्ही म्हणजे डीकोडरची क्रमांक दिलेली सेटिंग; २ ही मोटरच्या सुरुवातीच्या व्होल्टेजची) एकेकानं वाढवत, इंजिन पहिल्या टप्प्यावर जेमतेम सरकेल इथे थांबा.

पैसे वाचवायचे तर आवाजाचा डीकोडर सोडा, पण बॅक-ईएमएफ (मोटरचा वेग ओळखून तो स्थिर ठेवण्याची सोय) असलेलाच घ्या. जुन्या मोटरची सावकाश चाल त्यावरच अवलंबून असते. कमांड स्टेशनसाठी (रुळांवर आदेश पाठवणाऱ्या यंत्रासाठी) आर्डुइनो मेगा हा सर्किट बोर्ड, मोटर शील्ड आणि डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. जेएमआरआय हा संगणकावरचा प्रोग्रामही मोफत आहे, त्यातून सीव्ही बदलणं सोपं जातं.

एवढं करूनही इंजिन रुळाच्या सांध्यांवर थबकत असेल, तर दोष बहुधा पिकअपचा. जुन्या इंजिनांत मोजकीच चाकं करंट घेतात. उरलेल्या चाकांपैकी दोन्ही बाजूंना इन्सुलेटेड असलेल्यांवर फॉस्फर ब्राँझच्या पातळ पट्ट्या हलक्या टेकवून लाल आणि काळीला जोडा. पट्टीचा दाब जास्त झाला तर चाक फिरायचं सोडून घसटत जातं. कीप-अलाइव्ह कपॅसिटरचा (करंट क्षणभर तुटला तरी डीकोडरला वीज पुरवणाऱ्याचा) विचार त्यानंतर, आणि तोही डीकोडरवर त्यासाठी जागा दिलेली असेल तरच.