परदेशातून दत्तक घेतलेलं लहान मूल घरी आणताना

आईबाबांनी या दिवसाची किती वर्षं वाट पाहिलेली असते. दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या बाजूने मात्र ओळखीची माणसं, कानावरची भाषा, खोलीचा वास असं सगळं एकदम नाहीसं झालेलं असतं. सगळी तयारी हे धरूनच करायची.

१. आधी मुलाची दिनचर्या विचारून घ्या
संस्थेत किंवा सांभाळणाऱ्या घरात मूल कसं राहत होतं ते खोदून खोदून विचारा. पालथं झोपतं का? दिवा लागतो का? दूध बाटलीने पितं की कपाने, आणि किती कोमट? ‘भूक’, ‘शू’, ‘दुखतंय’, ‘ये’ हे शब्द त्याच्या भाषेत सांभाळणाऱ्या बाईंच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. त्यांचा फोटोही घ्या. अंगावरचे कपडे, पांघरूण मिळालं तर मागून घ्या आणि निदान सुरुवातीला धुऊ नका. ते मळकट वाटेल, पण ओळखीचा असा तेवढाच वास मुलाजवळ उरलेला असतो.

२. कागदपत्रं हातातल्या बॅगेत
दत्तकाचा आदेश, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा, वैद्यकीय नोंदी, लसीकरणाचं कार्ड. प्रती दुसऱ्या बॅगेत आणि फोनमध्येही असू द्या. दोन्ही देशांत १९९३ चा आंतरदेशीय दत्तकाचा हेग करार लागू असेल, तर कलम २३ खालचं प्रमाणपत्र घ्यायला विसरू नका. त्यामुळे करारातल्या इतर देशांतही दत्तकविधान मान्य होतं. नागरिकत्व आपोआप मिळेल असं मात्र गृहीत धरू नका, नियम देशागणिक वेगळे आहेत.

३. प्रवास
विमान उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा बाटली किंवा चघळायला काहीतरी द्या. काही मुलं सगळा प्रवास रडतात, काही अगदी गप्प बसतात. गप्प मूल पाहून शेजारचे ‘किती शहाणं आहे’ म्हणतील. पण ते भेदरलेलंही असू शकतं. त्यालाही जवळ घ्या, हळू आवाजात बोलत राहा.

४. पहिले काही आठवडे सगळं आईबाबांनीच
माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. विमानतळावर स्वागताला गर्दी नको, घरी समारंभ नको. भरवणं, आंघोळ, झोपवणं, पडल्यावर उचलणं, हे फक्त आईबाबांनी करायचं. संस्थेत पाळीप्रमाणे माणसं बदलतात, त्यामुळे कुणीही मोठं माणूस सारखंच, असं मूल शिकलेलं असतं. पाहुण्यांनी हात पसरले की ते झेपावेल आणि सगळे म्हणतील, ‘लगेच रुळलं!’ ते रुळणं नव्हे. अशा वेळी हसतमुखाने मुलाला आपल्याकडे घ्या आणि पाहुण्यांना समोर बसून खेळू द्या. आजी-आजोबांना हे जड जाईल, म्हणून मूल येण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. त्यांच्या मांडीची वेळ पुढे येणारच आहे.

खाण्याचंही असंच. मूल थांबेचना, किंवा उशीखाली खाऊ लपवू लागलं तर रागावू नका, हिसकावू नका. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा आणि हाताशी येईल असा छोटा डबा त्याचा म्हणून ठेवून द्या. डबा रिकामा राहत नाही हे कळलं की लपवणं हळूहळू कमी होतं. दोन वर्षांचं असलं तरी मांडीवर घेऊन, डोळ्यांत बघत बाटलीने दूध पाजायला हरकत नाही.

रात्री आपल्याच खोलीत झोपवा. रडलं की दर वेळी जा. ‘सवय लागेल’ हा सल्ला या मुलांना लागू नाही. हाक मारली की कुणीतरी येतं, हीच सवय त्यांना लागायला हवी.

५. डॉक्टर
मूल ठणठणीत दिसलं तरी दोन आठवड्यांच्या आत दाखवा. क्षयरोग, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस, जंतांसाठी शौचाची तपासणी, हिमोग्लोबिन, रक्तातलं शिसं आणि थायरॉइड याबद्दल विचारा. संसर्ग ताजा असेल तर लगेच दिसत नाही, म्हणून काही तपासण्या साधारण सहा महिन्यांनी पुन्हा करतात. लसींच्या नोंदी अपुऱ्या असतील तर रक्तातली प्रतिपिंडं तपासतात किंवा लसी पुन्हा देतात. संस्थेतल्या दर तीन महिन्यांमागे ढोबळमानाने एका महिन्याची वाढ मागे पडते, तेव्हा वजन-उंची पाहून घाबरू नका. नीट खाणं आणि माया मिळाली की बहुतेक मुलं वेगाने भरून काढतात.

६. बोलणं
जुनी भाषा काही महिन्यांतच विसरते आणि नवी अजून आलेली नसते. या मधल्या काळात चावणं, फेकणं, आदळआपट वाढते. रेकॉर्ड केलेले शब्द तेव्हा वापरा, हातवारे करा, रोजच्या कामांना तेच तेच शब्द ठेवा. ऐकू नीट येतं का तेही तपासून घ्या.

काही महिन्यांनंतरही मूल पडल्या-लागल्यावर तुमच्याकडे येत नसेल, किंवा कुणाही अनोळखी माणसाबरोबर चालू लागत असेल, तर दत्तक मुलांचा अनुभव असलेल्या बालमानसतज्ज्ञांना भेटा. आणि मूल आल्यावर तुम्हालाच उदास, रितं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. दत्तक घेणाऱ्या आईबाबांनाही असं नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत.