पडकं घर, थकलेलं लाईटबिल अन् हातची जाणारी मदत: या चुका टाळा

आपल्याकडं पावसाळा सरत आला की दोन ठिकाणी गर्दी दिसते. एक तहसीलला, पंचनाम्यात नाव आलं नाही म्हणून, अन् दुसरी महावितरणच्या ऑफिसला, बिल एवढं कसं आलं म्हणून. बऱ्याचदा माणसं पण तीच असतात. योजना नाहीत असं नाही, पण लोक जिथं दोन दिवस थांबायला पाहिजे तिथं घाई करतात आणि जिथं त्याच दिवशी पळायला पाहिजे तिथं "बघू की पुढच्या आठवड्यात" म्हणून बसतात. खाली जे लिहिलंय ते सगळं या दोन सवयींचंच आहे.

भिंत पडली की आधी फोटो, मग फावडं

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव, बीड, लातूर, जालना, नांदेड, सगळीकडं घरं पडली. तेव्हा लई जणांनी काय केलं, रात्री भिंत पडली, सकाळी शेजाऱ्यांना घेऊन माती उचलली, दोन पत्रे उभे करून आडोसा केला आणि अंगण साफ. चार दिवसांनी तलाठी आले तर त्यांना दाखवायला काहीच नाही. घरात लेकरं असताना माती तशीच ठेवा असं कुणी म्हणणार नाही, पण उचलायच्या आधी मोबाईलवर फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. फोटोत पडलेली भिंत, घराचं दार आणि घरातलं कुणीतरी माणूस असं सगळं एकत्र यायला पाहिजे. नुसत्या ढिगाऱ्याचा फोटो कुणाच्याही घराचा असू शकतो. भिजलेलं धान्य, भांडी, अंथरूण फेकायच्या आधी त्याचा पण फोटो घ्या. मग त्याच दिवशी तलाठी आणि ग्रामसेवक दोघांना कळवा, आणि तोंडी नाही तर साध्या कागदावर अर्ज देऊन, त्याच्या झेरॉक्सवर तारखेसकट सही घेऊन.

रक्कम किती मिळते यावर पण गैरसमज आहे. २०२२ ते २०२६ साठीचे केंद्राचे आपत्तीचे निकष असे: घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १,२०,००० रुपये. अंशतः पडलं, म्हणजे किमान १५ टक्के नुकसान असलं, तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. झोपडीला ८,०००, घराला लागून असलेल्या गोठ्याला ३,०००. राज्य सरकार कधी वरून वाढवून देतं ती गोष्ट वेगळी. आता पूर्ण आणि अंशतः यात केवढा फरक आहे बघा! म्हणून पंचनामा होताना समोर उभं राहायचं, काय लिहिलंय ते वाचून घ्यायचं, वाचता येत नसलं तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्यायचं आणि मगच अंगठा किंवा सही करायची. माळवदाचा (लाकडावर माती टाकलेल्या सपाट छताचा) एक खण खाली आला आणि बाकीच्या खणांची लाकडं सरकली असतील तर घरात राहणं धोक्याचं आहे हे पंचनाम्यात आलं पाहिजे. "एक भिंत पडली" एवढंच लिहून गेलं तर मदत पण तेवढ्याचीच येणार.

घर आजोबाच्या नावावर, अर्ज नातवाचा

ही आपल्याकडची सगळ्यात जुनी चूक. आजोबा वारून वीस वर्षं झाली तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घराच्या नोंदीच्या उताऱ्याला) नाव त्यांचंच. तीन भाऊ, तिघं त्याच वाड्याच्या तीन खणांत राहतात, कागदावर घर एकच. पडझडीची मदत द्यायची तर घराची नोंद बघतात, आणि मग एकाच घराचे पैसे तिघांत कसे वाटायचे यावर भावाभावात जी लागते ती पैशापेक्षा महाग पडते. वारसाची नोंद आणि वाटणीप्रमाणे वेगवेगळी नोंद उन्हाळ्यातच करून घ्या, काम नसतं तेव्हा. घरपट्टी पाणीपट्टी थकलेली असली की उतारा मागताना आधी ती भरा म्हणतात, मग ऐन गरजेच्या वेळी उसने पैसे काढावे लागतात. एकदम जमत नसलं तर थोडी थोडी भरत चला, पण दर वेळी पावती घेऊन.

दुसरं बँकेचं. सरकारी मदत बहुतेक आधारला जोडलेल्या खात्यात पडते, आणि एका वेळी आधारशी मॅप एकच खातं असतं, जे शेवटचं जोडलं ते. मावशी जिल्हा बँकेचं पासबुक घेऊन महिनाभर चकरा मारायलेत, आणि पैसे पडलेत पोस्टाच्या खात्यात, जे लाडकी बहीणच्या वेळी कुणीतरी उघडून दिलं होतं. पैसे आले नाहीत म्हणून ओरडायच्या आधी आधारला कोणतं खातं लिंक आहे ते तपासून घ्या, आधारच्या साईटवर नाहीतर बँकेत कळतं. आणि आधारवर कासाबाई, पासबुकावर काशीबाई असं असलं तर ते आधी नीट करा.

घरकुलाचा पैसा दुरुस्तीला नसतो

प्रधानमंत्री आवास ग्रामीण, रमाई, शबरी, मोदी आवास, या सगळ्याला लोक सरसकट "घरकुल" म्हणतात आणि समजतात की पत्रे बदलायला पण त्यातून पैसे मिळतील. तसं नाही. ते नवीन घर बांधायला आहे, जुन्याला डागडुजी करून फोटो दाखवला तर हप्ता अडकतो. आवास ग्रामीणचं मूळ अनुदान सपाट भागाला १,२०,०००, आणि ते एकरकमी नाही, बांधकाम जसं वर येईल तसं हप्त्यानं. शिवाय रोजगार हमीतून (रोहयो) ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२,००० वेगळे, पण त्यासाठी जॉबकार्ड पाहिजे आणि मस्टर (कामाचं हजेरीपत्रक) निघालं पाहिजे. ते आपणहून कुणी काढून देत नाही, मागावं लागतं. वाळूचं पण तसंच, घरकुलवाल्याला ५ ब्रासपर्यंत वाळू मोफत द्यायचं सरकारचं धोरण आहे, तरी माणसं ट्रॅक्टरवाल्याला रोख मोजतात. वाहतूक तेवढी आपली. आणि जागाच नाही म्हणून ज्यांची फाईल पडून आहे त्यांनी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची चौकशी पंचायत समितीत करावी, त्यात जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे.

पण खरी माती होते ती पाया खणताना. योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटाचं सांगितलंय. पहिला हप्ता आला की घरातली मोठी माणसं म्हणतात, एकदाच बांधायचंय तर जरा ऐसपैस बांधू. मग तीन खोल्यांचा पाया खणतात, मिस्त्री पण हो म्हणतो (त्याचं काय जातंय), जोतं होईस्तोवर दोन हप्ते संपले आणि भिंती काढायला सावकार. गावोगाव अशी जोत्यावर थांबलेली घरकुलं आहेत, त्यात बाभळी उगवल्यात. सरळ सांगतो, दोन खोल्या पूर्ण करा, दाराखिडक्यासकट, आणि वाढवायचं त्या बाजूला भिंतीत दाराची जागा सोडा. हप्त्याचे पैसे बियाण्याला नाहीतर लग्नाला "तात्पुरते" वापरू हे तर डोक्यातून काढूनच टाका, पुढचा हप्ता बांधकामाचा फोटो बघून पडतो, अडचण बघून नाही. आणि जिथल्या जागेचा फोटो आणि लोकेशन आधी घेतलंय तिथंच बांधा, भाऊबंदकीमुळं नंतर दुसरीकडं बांधलं की परत कागद फिरवावे लागतात.

स्वतःच्या खर्चानं डागडुजी करताना

दुरुस्तीचा पैसा बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो, म्हणून तो वाया जाऊ नये एवढं तरी बघा.

माळवद गळतंय म्हणून दर वर्षी वरून पांढरी माती टाकायची पद्धत आहे. जुनी न काढता नवी टाकत गेलं की दहापंधरा वर्षांत वरचा थर एवढा जड होतो की खालचं लाकूड वाकतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि असली जड माळवदंच माणसांच्या अंगावर आली, हे लातूर धाराशिववाल्यांना सांगायची गरज नाही. आधी जुना थर खरवडून कमी करा, मग नवी माती पसरा. पन्हाळी भिंतीपासून हातभर तरी पुढं काढा, भिंतीला घासून पाणी गेलं की तळ भिजतो आणि भिंत खालून बसते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा ही तर फॅशनच झालीये. पहिल्या वर्षी लई भारी दिसतं. पण मातीची भिंत ओल ओढते आणि सोडते, वरून सिमेंटचं कवच बसलं की ओल आत कोंडते, भिंत आतून मऊ होते आणि दुसऱ्यातिसऱ्या पावसाळ्यात पापुद्रा सुटून मातीसकट खाली येतो. त्याच्यापेक्षा चिखल, भुसा आणि शेणाचा जुना गिलावा दर वर्षी दिलेला बरा, पैसे पण कमी लागतात.

काळ्या रानात घर असलं तर भेगा येणारच, ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. नुसती भेग सिमेंटनं बुजवून काही होत नाही, पुढच्या मे महिन्यात ती तिथंच उघडते. मोरीचं सांडपाणी पायापासून लांब न्या, आणि नवीन बांधताना मुरूम लागेपर्यंत खणा. पत्र्यांवर दगड ठेवायचं बंद करा, वावटळीत पत्रा उडतो तेव्हा दगड पण खाली येतो. हुक मारा, भोक पत्र्याच्या खोलगट भागात नाही तर वरच्या उंचवट्यावर पाडा आणि वायसर घाला, नाहीतर प्रत्येक हुकाखाली गळणार. आणि पत्र्याला टेकून गेलेली सर्व्हिस वायर, त्याच पत्र्याच्या खांबाला बांधलेली कपडे वाळत घालायची तार! पावसाळ्यात शॉकनं माणसं जातात ती अशी. ती तार काढून नायलॉनची दोरी बांधा, आजच.

लाईटबिल: आकडा बघून घाबरायचं, पण रीडिंग बघायचं नाही

बिल आलं की माणूस खालची रक्कम बघतो आणि कपाळाला हात लावतो. आधी तीन गोष्टी बघा: मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि बिल किती महिन्यांचं आहे. दोन्ही रीडिंग सारखी आणि तरी ९० युनिट लावले असतील तर ते सरासरी बिल आहे, मीटर कुणी बघितलेलंच नाही. मीटरचा फोटो काढा, आकडा आणि मीटर नंबर दोन्ही दिसेल असा, आणि बिल दुरुस्तीचा अर्ज द्या.

तीन महिन्यांचं एकदम बिल आलं तर युनिट महिन्यांत वाटून स्लॅब (युनिटप्रमाणं दराचा टप्पा) लावायला पाहिजे. समजा २७० युनिट तीन महिन्यांचे आहेत, म्हणजे महिन्याला ९०, सगळे शंभरच्या आतल्या दरानं. तेच एका महिन्याचे धरले तर वरचे १७० युनिट १०१ ते ३०० च्या स्लॅबमध्ये जातात आणि तिथला दर जवळपास दुप्पट आहे. हे असं झालेलं दिसलं तर भांडायला पूर्ण हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाचा स्वस्त दर पण वर्षाला ३६० युनिटच्या आत, म्हणजे महिन्याला ३०, राहिलं तरच टिकतो. शेगडी नाहीतर पाण्याचं हिटर घेतलं की तो दर जातो, मग लोक म्हणतात बिल चुकलंय.

बिल चुकलंय म्हणून भरणंच बंद करायचं, ही त्याहून मोठी चूक. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणं तोडायच्या आधी १५ दिवसांची नोटीस लागते, पण ती हल्ली मोबाईलवर येते आणि मीटरला नंबर जोडलाय तीन वर्षांपूर्वी बंद पडलेला. रकमेवर वाद असला तर त्याच कलमात सोय आहे, मागितलेली रक्कम किंवा दर महिन्यामागं मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. पैसेच नसतील तर हप्ते पाडून मागा, लेखी. १९१२ वर तक्रार करून नंबर घ्या, ऐकलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, तिथं वकील लागत नाही.

लाईट तोडल्यावर रात्री आकडा टाकू नका. कलम १३५ खाली तो चोरीचा गुन्हा आहे, हजाराची थकबाकी राहते बाजूला आणि दंड अन् केस मागं लागते. "आज रात्री साडेनऊला लाईट कट होणार, या नंबरवर कॉल करा" असा कुणाच्या खाजगी नंबरवरून मेसेज आला तर तो फसवणुकीचा. त्यातली फाईल उघडू नका, ओटीपी देऊ नका. फाईल पुढं सरकवायला कुणी साहेब पैसे मागत असला तर लाचलुचपतचा नंबर १०६४.

थकबाकी ठेवायची नाही याचं अजून एक कारण आता आलंय. राज्याच्या स्मार्ट योजनेत छतावर १ किलोवॅट सौर बसवायला दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला फक्त २,५०० रुपये भरायचेत, बाकी केंद्र आणि राज्य देतं. पण बिल थकलेलं असलं की तिथं नाव लागत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी वेगळं

दिवाळीनंतर बीड, धाराशिवकडची अर्धी वस्ती कारखान्यावर जाते, घराला कुलूप, ते थेट उन्हाळ्यात उघडतं. आपण नव्हतोच तर बिल कशाचं, असं वाटतं, पण स्थिर आकार चालूच राहतो, वर कुलूप बघून सरासरी युनिट लागतात, आणि परत येईस्तोवर मीटर काढून नेलेलं असतं. टोळी निघायच्या आधी मेन स्विच बंद करा, रीडिंगचा फोटो काढा, मीटरला आपला चालू मोबाईल नंबर जोडा आणि महिन्याच्या महिन्याला कोपीवरूनच (कारखान्यावरच्या झोपडीतूनच) फोनवर बिल भरा, पोरांना येतं ते. घरकुलाच्या यादीत नाव असलं तर ग्रामसेवकाला जातानाच सांगून ठेवा की आम्ही कुठल्या कारखान्यावर आहोत, पाहणीला यायच्या आधी फोन करा. घरात म्हातारी माणसं मागं राहणार असतील तर आधार, पासबुक, नमुना ८ आणि शेवटचं बिल यांच्या झेरॉक्स त्यांच्याकडं ठेवा, मूळ कागद पेटीत घालून कारखान्यावर नेऊ नका.