इंजिनिअरिंग करताना पार्ट-टाइम नोकरी: या चुका टाळा

सेकंड इयरला मी पुण्यात एका दुकानात संध्याकाळी ६ ते १० काम करायचो. चार तासच तर जातात, असं मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात कॉलेजातून पाचला निघायचो, हडपसरहून बस मिळून खोलीवर पोचायला सव्वाअकरा व्हायचे, तोवर मेस बंद झालेली असायची. म्हणजे सव्वासहा तास. नोकरी घेताना पाठ टेकेपर्यंतचा वेळ धरा. पगार हजार रुपयांनी कमी असला तरी चालत जाता येईल असं काम बघा. नाइट शिफ्ट घेऊच नका. सकाळी नऊच्या प्रॅक्टिकलला अर्धवट झोपेतून उठून गेलेला मुलगा रीडिंग चुकवतोच.

सगळ्यात महाग पडते ती जर्नलची, म्हणजे प्रयोगवहीची, टाळाटाळ. बुडालेलं लेक्चर मित्राच्या वहीतून भरून काढता येतं, पण बुडालेलं प्रॅक्टिकल तुमच्यासाठी पुन्हा कोण लावणार? सबमिशनच्या आठवड्यात माझ्या जर्नलमध्ये नऊ प्रयोगांवर सही नव्हती आणि नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये, म्हणजे काम अपुरं असलेल्यांच्या यादीत होतं. प्रयोगाचं राइट-अप लॅबमध्येच बसून लिहा, पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्या. रात्री कामावरून आल्यावर लिहू म्हटलेलं कधीच लिहून होत नाही.

इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, 'तीसच तर मार्क आहेत' म्हणून सोडू नका. पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये (२०१९च्या अभ्यासक्रमात) इन-सेमचे ३० आणि एंड-सेमचे, म्हणजे शेवटच्या परीक्षेचे ७०. तीसातले पाच मिळाले की सगळा भार एंड-सेमवर येतो, आणि नेमकी तेव्हाच मालक सुट्टी देत नाही. म्हणून कामाला लागतानाच इन-सेम, सबमिशन आणि पीएलचे (परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीचे) आठवडे मालकाला सांगून ठेवा.

एम-३ (तिसरा गणिताचा पेपर) राहिलाच असेल तर आधी कामाचे तास कमी करा, शक्य असेल तर फक्त शनिवार-रविवार ठेवा. कॅम्पसला येणाऱ्या कितीतरी कंपन्या लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, असलेल्यांना बसूच देत नाहीत.

नोकरी शोधण्याआधी महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अर्ज केलाय का? कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, दोन्ही योजनांचे निकष बघा. पैसे उशिरा येतात, हे खरं; तरी अर्ज सोडू नका. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजना असेल तर माझ्या मते बाहेरच्या नोकरीपेक्षा ती चांगली. काम आवारातच, त्यामुळे जाण्यायेण्याचा वेळ वाचतो आणि परीक्षा कधी आहे हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही.

आणि जीएफएमपासून, म्हणजे आपल्यावर लक्ष ठेवणाऱ्या पालक-शिक्षकांपासून, नोकरी लपवू नका. चिडतील म्हणून मी गप्प राहिलो, सांगितलं ते सबमिशनच्या तोंडावर. सरांनी जर्नल मिटलं आणि म्हणाले, "ऑगस्टमध्ये बोलला असतास तर तुला सकाळच्या बॅचला टाकलं असतं."