गॉगल, लॅपटॉप आणि कंपासपेटी

घरात पोलराइज्ड गॉगल (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश आरपार सोडणाऱ्या काचांचा) असेल, तर कंपासपेटीतल्या पारदर्शक कोनमापकाचा असा फोटो निघतो की तो कशाचा आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही. लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर कोरं पांढरं पान उघडा, ब्राइटनेस पूर्ण वाढवा, खोलीतले दिवे मालवा. गॉगलची एक काच मोबाइलच्या लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. एका कोनात स्क्रीन काळाकुट्ट होईल. तिथेच थांबा आणि मध्ये कोनमापक धरा. गुलाबी, हिरवे, निळे पट्टे उमटतात, कोपऱ्यांत आणि भोकांभोवती तर नुसती दाटी. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात थिजताना आत अडकलेला ताण या रंगांतून दिसतो. (इंजिनिअर मंडळी यंत्रांच्या भागांचे पारदर्शक नमुने करून त्यांतला ताण असाच तपासत आली आहेत.) पारदर्शक डिस्पोजेबल चमचा तर कोनमापकापेक्षाही सरस, असं माझं मत. साध्या काचेच्या तुकड्यावर सेलोटेपचे तुकडे तिरके, एकावर एक चिकटवून तो मध्ये धरला की थरागणिक रंग बदलतो. फोकस वस्तूवरच लॉक करा, कोनमापकावरचे आकडे चौकटीबाहेर ठेवा. गॉगल साधा असेल तर मात्र यातलं काहीच दिसणार नाही.