कडक भाकरी नीट कशी खावी?

पोटात दात नसतात. ज्वारीची कडक भाकरी बारीक व्हायची ती तोंडातच. एकदा घास गिळला की पुढचं काही आपल्या हातात नाही. म्हणून सोलापुरी ताटावर बसलात की आधी चावण्याकडे बघा.

भाकरी हातानेच लहान मोडून घ्या. समोरचे ८ पटाशीचे दात तुकडा पाडायला, ४ सुळे फाडायला. जातं मागे आहे, दाढांचं. तुकडा जिभेने तिकडे सरकवा आणि दोन्ही बाजूंनी चावा. दातावरचं दंतवल्क शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ खरा, पण गेलं की परत येत नाही. दाताखाली खडा लागला तर घास थुंकायला लाजू नका.

आता लाळेला वेळ द्या. कोरडा घास ती भिजवते आणि तिच्यातलं अमायलेज पिष्टाची साखर करायला लागतं. पटत नसेल तर चटणी न लावता एक तुकडा सावकाश चघळत राहा, हळूहळू गोडसर लागेल. (मुलांना हे दाखवाच.) आमटीत कुस्करलेली भाकरी कवळी लावणाऱ्या आजोबांच्या सोयीची, पण ती न चावताच उतरते. तीही तोंडात घोळवा.

शेंगा चटणीत दातांचं बरंचसं काम उखळ-मुसळाने आधीच उरकलेलं असतं. अख्खे दाणे मात्र बारीक चावावेच लागतात. नाहीतर पेशींच्या भिंतींआड राहिलेलं तेल न पचताच बाहेर पडतं.

तोंडात घास असताना बोलू नका, ठसका लागतो. गिळल्यावर सुमारे २५ सेंटीमीटरची अन्ननलिका घास जठरात पोचवते. तिथे आम्ल आणि पेप्सिन प्रथिनांवर काम करतात. चटणीवर सढळ तेल घेतलं असेल तर जठर उशिरा रिकामं होतं; अशा वेळी उन्हाचं लगेच आडवं झालात, तर आम्ल वर येऊन छातीत जळजळतं. डुलकी काढायचीच तर थोडं थांबून काढा.

पुढे लहान आतडं, जवळपास ६ मीटर. स्वादुपिंडाचा रस आणि यकृताचं पित्त इथेच मिसळतं आणि अन्नातलं बहुतेक सत्त्व इथूनच रक्तात जातं. चोथा मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यालात की शौचाला खडा होतो तो यामुळेच.

हात धुताना खळखळून चूळ भरा. दाढेत अडकलेला कण टाचणीने कोरू नका. आणि कडक तुकडा चावताना एकाच दातात कळ येत असेल, तर लवंग धरून बसण्यापेक्षा दंतवैद्याकडे जा. दाताला चीर गेलेली असू शकते.