रेघोट्यांच्या वयातील चित्रकला : पालकांनी काय करावे आणि काय करू नये

दीड वर्षाच्या मुलाच्या हातात मेणखडू दिला, तर ते तो मुठीत धरते, खांद्यापासून सगळा हात हलवते आणि कागदापेक्षा आपल्या हाताच्या हालचालीकडेच अधिक कौतुकाने पाहते. या वयात चित्र म्हणजे एखाद्या वस्तूची प्रतिमा नव्हे. हात हलला की मागे खूण उरते, हा शोध म्हणजेच चित्र. दोन वर्षांच्या सुमारास पुढे-मागे जाणाऱ्या रेघा आणि गोल गोल गिरक्या दिसू लागतात, तिसऱ्या वर्षाच्या आसपास गोल बंद होतो आणि त्यानंतर काही महिन्यांत त्या गोलाला डोळे फुटतात आणि थेट डोक्यातूनच दोन पाय निघतात. धड नसलेला हा माणूस जगभरातील मुले काढतात, त्यामुळे ‘पोट कुठे आहे?’ असे विचारून त्याला दुरुस्त करण्याचे कारण नाही. प्रत्येक मुलाचा वेग निराळा असतो, म्हणून ही वर्षे अंदाजापुरतीच धरावीत.

मोठ्यांचे खरे काम साहित्य, जागा आणि वेळ पुरवण्याचे आहे. कागद मोठा असावा. घरातील पाठकोरे कागद, जुन्या कॅलेंडरची पाने किंवा खोक्यांचे पुठ्ठे पुरेसे होतात. कागद चिकटपट्टीने जमिनीला चिकटवावा, कारण लहान मुलाला एका हाताने कागद धरून दुसऱ्या हाताने रेघ ओढणे जमत नाही. खडू जाड असावेत आणि ब्रशचा दांडा आखूड व मुठीत मावणारा असावा. बारा रंगांची पेटी एकदम पुढे ठेवू नये, कारण सगळे रंग एकत्र होऊन शेवटी शेणकट रंगच उरतो. लाल आणि पिवळा एवढेच दिले, तर नारिंगी रंग कसा उमटला हे मुलाला स्वतः सापडते. आंघोळीच्या आधीची वेळ यासाठी सोयीची, म्हणजे अंग रंगले तरी कोणी रागावत नाही. दहा-पंधरा मिनिटांत मूल उठून गेले तर जाऊ द्यावे.

रंग नसले तरी अडत नाही. शहाबादी फरशीवर किंवा अंगणातील भिंतीवर ओल्या ब्रशने नुसत्या पाण्याची चित्रे काढता येतात. ती वाळून नाहीशी होतात, याचीच मुलांना गंमत वाटते. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळल्यास जांभळट रंग उमटतो आणि त्यावर लिंबाचा थेंब टाकला की तो गुलाबी होतो. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पिवळ्याचा तांबूस होतो. भेंडीच्या आडव्या कापाचे ठसे आपसूक फुलासारखे दिसतात. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि गोळा होईल इतके पाणी घेऊन मळलेले पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात काही दिवस टिकते. मात्र त्यात मीठ बरेच असल्याने मूल ते खात नाही ना, याकडे लक्ष ठेवावे. शेंदरात शिसे असू शकते, म्हणून तो रंग म्हणून कधीही देऊ नये, आणि रांगोळीची बारीक पूड डोळ्यांत व नाकात जाते, त्याऐवजी तांदळाचे पीठ द्यावे. तीन वर्षांखालील मुलांच्या हाती मणी, बिया किंवा लहान खडे देऊ नयेत.

मोठ्या मुलांसाठी मात्र हेच साहित्य फार मोलाचे ठरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून आणि पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे जे काम केले, त्यात परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर होता. शंख-शिंपले, पाने, काड्या यांची मांडणी करताना मूल आकार, क्रम आणि तोल हाताने शिकते, आणि एकदा मांडलेले मोडून पुन्हा मांडता येत असल्याने चुकण्याची भीती राहत नाही.

आता सर्वांत अवघड भाग. मुलाच्या कागदावर आपण रेघ ओढू नये. दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी आणि आकाशात आकड्यांसारखे पक्षी हे चित्र महाराष्ट्रातील जवळजवळ प्रत्येक घरात काढले जाते, आणि ज्याने आयुष्यात डोंगराआडचा सूर्योदय पाहिलेला नाही, ते मूलही तेच काढते. कारण कधीतरी कोणा मोठ्या माणसाने ‘असे काढायचे’ म्हणून ते दाखवलेले असते. एकदा हा साचा हाती आला की मूल स्वतःच्या खिडकीतून दिसणारी पाण्याची टाकी काढत नाही. ‘मला हत्ती काढून दे’ असा हट्ट झाल्यास हत्तीबद्दल बोलावे: त्याचे पाय कसे आहेत, सोंड कुठपर्यंत पोहोचते, कान केवढे आहेत. मग मुलाने जो काढला, तो हत्ती. छापील चित्रात रेघेबाहेर न जाता रंग भरण्याचा सराव तीन वर्षांच्या मुलाकडून करून घेण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही, आणि बालवाडीच्या चित्रस्पर्धांमधील पुष्कळ चित्रे कोणाच्या हातची असतात हे परीक्षकांनाही ठाऊक असते.

बोलण्यातही असाच संयम हवा. ‘हे काय आहे?’ या प्रश्नाने मुलाला उत्तर शोधावे लागते, जरी चित्र काढताना तसे काही मनात नसले तरी. ‘छान!’ म्हणूनही संवाद तिथेच संपतो. ‘इथे तू खूप जोरात दाबलेस, आणि हा गोल किती वेळा फिरवलास!’ असे दिसते ते सांगितले, की मूल स्वतःहून बोलू लागते, आणि त्या बोलण्यातून त्याचा शब्दसंग्रहही वाढतो.

अक्षरे गिरवून घेण्याची घाई करू नये. गोल, अर्धगोल आणि उभी रेघ हाताला सहज वळू लागली, की ट, ठ, व यांसारखी अक्षरे पुढे कमी कष्टात जमतात.

दिवाळीतील किल्ला ही तर आयतीच संधी. मात्र किल्ला रायगडासारखा दिसावा म्हणून घरातील मोठी माणसेच तो ताब्यात घेतात आणि धाकट्याला लांब बसवतात. त्याला चिखलाचा वेगळा ढीग द्यावा, त्यात अळीव पेरू द्यावेत आणि रोज पाणी शिंपडू द्यावे. त्याचा किल्ला कोसळला तर तो पुन्हा उभा करण्याचे कामही त्याच्याकडेच असावे.

चित्रे दोरीला चिमट्यांनी लावून मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगावीत. महिन्यातून दोन-तीन निवडून जपून ठेवावीत, आणि तारीख व मूल त्या चित्राबद्दल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत कागदाच्या मागील बाजूस लिहून ठेवावे, पुढील बाजूस नव्हे.